पिस्टन्सचा तो डिसेंबर

खेळ संपायला मिनिटभर उरलं असेल. आमच्या मागच्या रांगेतले एक आजोबा उठले, कोट चढवला, कानटोपी घातली, जिन्याकडे दोन पावलं टाकली आणि परत येऊन आपल्या जागेवर बसले. कोट काढला नाही, टोपीही नाही. शेवटचा भोंगा वाजेपर्यंत तसेच बसून राहिले. कोटाच्या आतून त्यांची जुनी जर्सी दिसत होती. नव्वदच्या दशकातली, मोरपंखी, घोड्याचं तोंड असलेली. फळ्यावर आकडे होते, ब्रुकलिन नेट्स ११८, डेट्रॉइट पिस्टन्स ११२.

सलग सत्ताविसावी हार. एका मोसमात ओळीने इतके सामने हरण्याचा, एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधला नवा विक्रम त्या रात्री आमच्या नावावर लागला. २६ डिसेंबर २०२३. गाड्यांच्या धंद्यात नाताळ ते नवं वर्ष सगळं बंदच असतं, लेकाच्या शाळेलाही सुट्टी होती, म्हणून आम्ही दोघं नोव्हायहून लिटल सीझर्स अरीनाला गेलो होतो. वरच्या मजल्यावरची तिकिटं. लेक चौदा वर्षांचा, अंगात केड कनिंगहॅमची दोन नंबरची जर्सी. त्या केडने त्या रात्री ४१ गुण केले. एकेचाळीस! एखाद्या पोराने एकट्याने घर ओढावं तसा तो सगळा सामना ओढत होता, आणि तरी हातात काही आलं नाही.

मी ‘आमच्या नावावर’ म्हणते, कारण मला दुसरं काही म्हणता येत नाही.

मी नागपूरची. धरमपेठेच्या बाजूला एका मैदानावर सिमेंटचं कोर्ट होतं, तिथे सातवीपासून खेळले. मे महिन्यात सकाळी साडेपाचला यायचं आणि आठच्या आत घरी परतायचं, नंतर सिमेंट पायाला चटके द्यायचं. पुढे युनिव्हर्सिटीकडून पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ जुळवणारी, म्हणून खेळले. मग लग्न झालं आणि २००४ च्या जानेवारीत मिशिगनला आले. नवरा सकाळी सातला गाडी घेऊन कामावर जायचा. मला नोकरी करायची परवानगी नव्हती, लायसन्स नव्हतं, खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ. फार्मिंग्टन हिल्सच्या त्या एका बेडरूमच्या घरात दिवसभर काय करायचं, हा प्रश्न रोज सकाळी दारात उभा असायचा. एका संध्याकाळी टीव्ही लावला आणि बास्केटबॉल दिसलं. त्या देशातली मला पूर्ण कळणारी ती पहिली गोष्ट. बँकेत बाई काय विचारते ते दोनदा ऐकावं लागायचं, पण पिस्टन्सचा रिचर्ड हॅमिल्टन साथीदारांनी उभ्या केलेल्या दोन पडद्यांआडून पळत कोपऱ्यात का येतोय, हे मला कॉमेंटरीच्या आधी कळायचं.

आणि संघ तरी कसला मिळाला मला! बेन वॉलेस, ज्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, कुणी घेतलंच नव्हतं. चाॅन्सी बिलप्स, ज्याला एकापाठोपाठ एक संघांनी सोडून दिलं होतं. लांब हातांचा टेशॉन प्रिन्स. फेब्रुवारीत येऊन मिळालेला रशीद वॉलेस. समोर अंतिम फेरीत लेकर्स. शॅक, कोबी, शिवाय कार्ल मलोन आणि गॅरी पेटन. लोक म्हणाले, हे काय टिकणार. १५ जून २००४ ला पिस्टन्सनी ती मालिका ४-१ ने जिंकली. शेजारच्या बाल्कनीत एक अनोळखी बाई भांडं बडवत होती, तिला पाहून मीही तवा आणि उलथणं घेऊन बाहेर आले. सहा महिन्यांत या गावात कुणाशी तरी आपलं काही जुळलं असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

पुढे मला इथेच काम मिळालं. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या टेस्टिंग लॅबमध्ये मी आहे. त्यामुळे संघाचं नाव मला जरा जास्तच जवळचं. लोकांना वाटतं, मोटारींचं शहर म्हणून पिस्टन्स. खरं म्हणजे संघ सुरू झाला इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन गावात. मालक फ्रेड झोल्नर, त्यांचा कारखाना पिस्टन बनवायचा, म्हणून झोल्नर पिस्टन्स. १९५७ मध्ये संघ डेट्रॉइटला आला आणि नाव जणू आपल्या घरी पोचलं. पिस्टनचं काम काय असतं? दर फेरीला दाब सोसायचा आणि परत वर यायचं. त्या डिसेंबरात लॅबमध्ये बेंचवर इंजिनाचे भाग पाहताना हे माझ्या मनात सारखं यायचं.

त्या मोसमाची सुरुवात वाईट नव्हती. मायामीत पहिला सामना एका गुणाने गेला, मग शार्लटला हरवलं, मग घरी शिकागोला. तीनपैकी दोन जिंकले. तो शनिवार होता, २८ ऑक्टोबर. तेव्हा शहराचा सगळा जीव दुसरीकडेच टांगलेला. मोटार कामगारांचा संप सहा आठवडे चालला होता, आमच्यासारख्या छोट्या सप्लायर कंपन्यांत ऑर्डरी थांबल्या होत्या, काही लोकांना घरी बसवलं होतं. ३० ऑक्टोबरला जनरल मोटर्सशी कामगार संघटनेचा समझोता झाला. ऑफिसात लोकांनी एकमेकांचे हात हातात घेतले. त्याच संध्याकाळी पिस्टन्स ओक्लाहोमा सिटीत हरले. कुणाचं लक्षही गेलं नाही. एक सामना गेला, एवढंच. तिथून पुढे दोन महिने संघ जिंकणार नव्हता.

इतकं कसं हरतात, असं मला लोक विचारायचे. मराठी मंडळात, ऑफिसात, भारतातून फोनवर. मी खेळलेली असल्यामुळे मला ते दिसायचं, आणि दिसत असल्यामुळे जास्त त्रास व्हायचा.

केड बॉल घेऊन आत घुसतो. त्याला अडवायला एक जण हवा, फार तर दोन. तिसरा आपल्या माणसाजवळ थांबायला हवा, कारण तो माणूस कोपऱ्यातून थ्री, म्हणजे लांबून तीन गुणांचा शॉट, मारू शकतो. पण आमच्या कोपऱ्यातून कुणी मारतच नसेल तर? मग तिसरा निर्धास्त आत येतो, चौथाही येतो. बघता बघता रिंगखाली एवढी गर्दी होते, की दादर स्टेशनच्या जिन्यावर संध्याकाळी सात वाजता वाट काढावी तशी त्या पोराला काढावी लागते. ऑसार थॉम्पसन हा नवा मुलगा, बचावात जिवाची शिकस्त करणारा, चुकलेला शॉट परत मिळवायला, म्हणजे रिबाउंडला, उंच उडणारा. पण थ्री-पॉइंटरमध्ये त्याचा मोसमभराचा आकडा १८.६ टक्के. प्रतिस्पर्धी त्याला सरळ मोकळा सोडायचे आणि केडवर धावून जायचे. जो लांबून हमखास मारायचा तो बोयान बोगदानोविच पोटरीच्या दुखापतीने पहिले अनेक आठवडे बाहेर. त्यात सगळी पोरं विशी-बाविशीची. अडलं की घाई, आणि घाई झाली की टर्नओव्हर, म्हणजे बॉल समोरच्यांच्या हातात. चौथ्या क्वार्टरमध्ये बॉल हातातून निसटायचा तेव्हा मला सोफ्यावर माझ्या बोटांत ते जाणवायचं. पॉइंट गार्डला ते जाणवतंच, वीस वर्षांनीसुद्धा.

कोच होते मॉन्टी विल्यम्स. फिनिक्स संघाला अंतिम फेरीत नेलेले, सगळ्या लीगमध्ये मान असलेले. पिस्टन्सनी त्यांना सहा वर्षांचा ७ कोटी ८५ लाख डॉलरचा करार दिला, तेव्हा कोचला मिळालेला तो सगळ्यात मोठा करार होता. त्यांचे काही निर्णय मला तेव्हाही पटले नाहीत, आजही पटत नाहीत. जेडन आयव्हीसारख्या वाऱ्यासारख्या पळणाऱ्या मुलाला त्यांनी बाकावर बसवलं आणि किलियन हेजला खेळवलं. एकदम पाचही राखीव खेळाडू एकत्र उतरवायचे आणि दहा गुणांची आघाडी पाच मिनिटांत वितळायची. मी टीव्हीसमोर उभी राहून ‘अहो, केडला ठेवा ना आत!’ असं मराठीत ओरडले आहे. पण पैसा घेऊन माणूस बसून राहिला असं जे लोक म्हणायचे, ते मला कधी म्हणवलं नाही. शेवटच्या शेवटच्या पत्रकार परिषदांत त्या माणसाचा चेहरा मी पाहिला आहे. रात्रभर आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाचा असतो तसा होता तो.

नोव्हेंबर गेला. संपूर्ण नोव्हेंबरमध्ये एक विजय नाही. दहावी हार, पंधरावी, विसावी. दिवाळी आली आणि गेली, थँक्सगिव्हिंग झालं. त्याच शहरात पायी पंधरा मिनिटांवर फोर्ड फील्डमध्ये अमेरिकन फुटबॉलचे आमचे लायन्स जिंकत सुटले होते. २४ डिसेंबरला त्यांनी तीस वर्षांत पहिल्यांदा आपला डिव्हिजन, म्हणजे लीगमधला आपला गट, जिंकला. त्यामुळे २६ तारखेला आमच्या अरीनात अर्ध्या लोकांच्या अंगावर लायन्सची निळी जाकिटं. एका घरात लग्न आणि शेजारच्या घरात सुतक असावं, आणि लोकांनी लग्नाचे कपडे न बदलता सुतकाला यावं, तसं ते दिसत होतं. लोक ‘सेल द टीम!’ ओरडत होते. मालक टॉम गोर्स यांनी संघ विकून टाकावा म्हणून. त्या डिसेंबरात ही घोषणा घरच्या मैदानावर पुन्हा पुन्हा उठली. लेकही ओरडला. मी नाही ओरडले. खाली कोर्टावर बावीस वर्षांचा मुलगा गुडघ्यांवर हात टेकून दम घेत होता आणि त्याच्या कानावर ते पडत होतं.

लॉज फ्रीवेवरून परत येताना लेक बराच वेळ गप्प होता. मला वाटलं, दुःख झालंय. मी म्हटलं, “वाईट वाटून घेऊ नको रे.”

“नाही आई, इट्स फाइन,” तो म्हणाला. “हरलेलं बरंच आहे ना. आता जिंकून काय फायदा? खालून पहिले आलो तर फोर्टीन पर्सेंट.”

त्याचा आवाज अगदी शांत होता. मला धक्का बसला तो त्या शांतपणाचा.

हे चौदा टक्क्यांचं गणित ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. एनबीएत दर वर्षी नव्या खेळाडूंची निवड होते, तो ड्राफ्ट. सगळ्यात चांगला नवा खेळाडू दुबळ्या संघाला मिळावा, म्हणजे समतोल राहील, ही मूळ कल्पना. पण मग संघ मुद्दाम हरायला लागले. म्हणून लॉटरी आली. २०१९ पासून तळाच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्के संधी. सगळ्यात शेवटचा संघ फार तर पाचव्या क्रमांकापर्यंत घसरू शकतो, त्याच्या खाली नाही. केड २०२१ मध्ये आला तो असाच, पहिल्या क्रमांकावर. त्यानंतर २०२२-२३ चा मोसम आम्ही विक्टर वेम्बान्यामाच्या आशेवर काढला. सात फूट चार इंचांचा तो फ्रेंच मुलगा, पिढीतून एखादाच होतो असा. डिसेंबरात केडच्या नडगीवर शस्त्रक्रिया झाली, संघ ८२ पैकी ६५ सामने हरला, आणि ‘चालेल, वेम्बी येईल’ असं म्हणत सगळं गाव थांबलं. मे महिन्यात लॉटरी निघाली. वेम्बान्यामा सॅन अँटोनियोला गेला. आमचा क्रमांक पाचवा. जितका खाली जाणं शक्य होतं तितका.

म्हणजे माझ्या लेकाने वयाच्या तेराव्या वर्षापासून आपल्या संघाच्या हारीवर व्याज मोजायला सुरुवात केली होती. खोटं कशाला सांगू, मीही मोजलं होतं. मार्चमधल्या एखाद्या सामन्यात पिस्टन्स दोन गुणांनी पुढे असायचे आणि माझ्या मनात यायचं, आता हा एक गेला तर बरं. खेळाडू जीव तोडून धावतोय आणि आपण त्याचा शॉट चुकावा म्हणून देव पाण्यात घालून बसलोय. ज्या मुलीने सिमेंटच्या कोर्टावर एका रिबाउंडसाठी गुडघे फोडून घेतले, तिच्या मनात हे कसं आलं?

त्या रात्री गाडीत मी लेकाला नागपूरची गोष्ट सांगितली. आमचा कॉलेजचा एक मोसम असा गेला होता. एकही सामना जिंकलो नाही. अमरावतीला तर चाळीसहून जास्त गुणांनी मागे होतो, दोन मिनिटं उरलेली, प्रेक्षकांत पाणीवाला आणि समोरच्या संघाच्या मैत्रिणी. आणि एक सुटा बॉल बाहेर चालला होता, त्याच्यासाठी आमच्या कॅप्टनने सिमेंटवर झेप घेतली. कोपरापासून मनगटापर्यंत साल निघाली. बॉल वाचला. त्यातून बास्केट झालं की नाही हेही मला आता आठवत नाही. तिच्या हातावरचा व्रण अजून आहे. मागे व्हिडिओ कॉलवर ती पोळ्या लाटत बोलत होती, तेव्हा मला तो दिसला.

“बट व्हाय?” लेकाने विचारलं. “काहून” असंच विचारलं असतं त्याच्या वयाच्या माझ्या नागपूरच्या भाच्याने.

मला उत्तर देता आलं नाही. “बॉल बाहेर चालला होता म्हणून,” मी म्हटलं.

घरी आलो. गाडी आत घेताना दिव्याच्या उजेडात ड्राइव्हवेवरचा आमचा हूप दिसला. जाळीवर बर्फ साचलेला, बॉल त्याच्या पायाशी नोव्हेंबरपासून तसाच पडलेला. एरवी हा मुलगा बर्फ खोऱ्याने बाजूला करून खेळायचा. त्या हिवाळ्यात त्याने हूपला हात लावला नव्हता. तोवर मला ते जाणवलंच नव्हतं.

दोन दिवसांनी बॉस्टनला सामना. लीगमधला तेव्हाचा सगळ्यात तगडा संघ, तोही त्यांच्या घरी. अर्ध्या वेळेला पिस्टन्स १९ गुणांनी पुढे, ६६-४७. नवरा, मी, लेक, तिघंही टीव्हीसमोर, कुकरची तिसरी शिट्टी झाली तरी उठायला कुणी तयार नाही. तिसऱ्या क्वार्टरमध्ये सगळं गेलं. बॉस्टनने आघाडी खाऊन टाकली, पुढे गेले. आणि मग अगदी शेवटच्या सेकंदांत बोगदानोविचने रिंगवरून परत आलेला बॉल तिथल्या तिथे आत ढकलला, बरोबरी झाली, ओव्हरटाइम. लेक सोफ्यावरून उठून उभा राहिला. त्याने ती टक्केवारी त्या क्षणी मोजली नसावी, मला खात्री आहे. हरलो. १२८-१२२. अठ्ठाविसावी हार. फिलाडेल्फियाने २०१४-१५ आणि २०१५-१६ असे दोन मोसम मिळून ओळीने २८ सामने गमावले होते, त्याची बरोबरी झाली. हाताशी आलेला घास कसा जातो ते त्या रात्री पाहिलं. लेक काही न बोलता वर गेला. मी भात वाढला तो तसाच झाकून ठेवला.

३० डिसेंबर, शनिवार. कँटनला एका मैत्रिणीकडे वर्षअखेरचं जेवण होतं, प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. वर पावभाजीचा वास, मटारच्या करंज्या, कराओकेवर कुणीतरी जुनी गाणी गातंय. खाली तळघरात मुलं आणि मोठा टीव्ही. समोर टोरांटो. त्याच दिवशी त्यांनी खेळाडूंची मोठी अदलाबदल केली होती, त्यामुळे त्यांच्याकडे माणसं कमी होती. आज नाही तर कधी, हे सगळ्यांना कळत होतं, आणि म्हणूनच पोटात जास्त गोळा येत होता. मी दर दहा मिनिटांनी प्लेट ठेवायच्या निमित्ताने खाली जाऊन यायचे. चौथा क्वार्टर सुरू झाला तेव्हा प्लेट तिथेच ठेवली आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले. कॅरम खेळणारी मुलं थांबली होती. ज्यांना पिस्टन्सशी काही देणंघेणं नव्हतं तीही.

१२९-१२७. केडचे ३० गुण, आणि १२ असिस्ट, म्हणजे बास्केट करून देणारे पास.

अरीनातले लोक अजिंक्यपद मिळाल्यासारखे उभे होते. ३२ सामन्यांतला तिसरा विजय, आणि कोर्टावर पोरं एकमेकांच्या गळ्यात. तळघरात एकच आरडाओरडा झाला. वरून मैत्रिणीच्या सासूबाई जिन्यापर्यंत आल्या. सोलापूरच्या, सहा महिन्यांसाठी आलेल्या. “काय झालं गं?”

“जिंकलो, काकू.”

“कोण जिंकलं?”

“आपण.”

लेकाने त्यांना सांगायचा प्रयत्न केला, त्याच्या मराठीत. अठ्ठावीस वेळा हरलो होतो, ट्वेंटी-एट, इन अ रो.

“अगं बाई!” त्या म्हणाल्या. “आणि तरी खेळत होते?”

त्यांनी आत जाऊन बेसनाचे लाडू आणले आणि तळघरातल्या प्रत्येक मुलाच्या हातावर एकेक ठेवला. त्यांचा तो प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला. सगळ्या मोसमात इतक्या जाणकारांनी इतकं काही लिहिलं, बोललं. स्पेसिंग, करार, कोच, मालक, लॉटरी. हे एवढं साधं कुणी विचारलं नव्हतं. सत्तावीस हरून अठ्ठाविसाव्याला बॉस्टनला जायचं, बुटाच्या नाड्या बांधायच्या आणि पहिल्या अर्धात १९ गुणांची आघाडी घ्यायची. ही गोष्ट निकालाच्या रकान्यात मावत नाही. तिथे फक्त ‘हार’ लिहिलेलं असतं.

बाकीचा मोसम सांगण्यासारखा नाही. पुढच्या पन्नास सामन्यांत अकरा विजय. हेजला फेब्रुवारीत सोडून दिलं, ऑसारचा मोसम मार्चमध्ये रक्ताच्या गुठळीमुळे संपला. शेवटी १४ विजय, ६८ हारी. फ्रँचायझीच्या इतिहासातला सगळ्यात वाईट आकडा.

आणि लॉटरी? १२ मे २०२४, रविवार, मदर्स डे. लेकाने सकाळी मला चहा करून दिला होता. दुपारी दोघं टीव्हीसमोर बसलो. पहिला क्रमांक निघाला अटलांटाचा, ज्यांची संधी तीन टक्के होती. आमचा पुन्हा पाचवा. सलग तिसऱ्या वर्षी पाचवा. लेक काही बोलला नाही, मीही नाही. ज्या व्याजासाठी दोन मोसम आपण मन मारून बसलो ते कुणी देणं लागतच नव्हतं.

पुढचं सगळं वेगाने घडलं. जूनमध्ये मॉन्टी विल्यम्सना काढलं, पाच वर्षांचा करार बाकी असताना. जनरल मॅनेजर ट्रॉय वीव्हर गेले, त्यांच्या जागी ट्रॅजन लँग्डन आले, कोच म्हणून जे. बी. बिकरस्टाफ. त्यांनी काय केलं? टोबायस हॅरिस, मलिक बीझली, टिम हार्डवे ज्युनियर असे लांबून बॉल टाकणारे, चार ठिकाणी खेळून आलेले गडी आणले आणि ते पोरांच्या भोवती उभे केले. कोपऱ्यातला माणूस आता मोकळा सोडता येईना. तिसरा अडवणारा आत येईना. आणि केडला वाट मिळाली. तोच केड, तोच ड्युरेन, तोच ऑसार, तोच स्टुअर्ट. ४४ विजय, ३८ हारी. ८२ सामन्यांच्या मोसमात मागच्या वर्षीच्या तिपटीहून जास्त विजय मिळवणारा एनबीएतला पहिला संघ. मला तो विक्रम ऐकताना दर वेळी ती टोपी घालून बसलेले आजोबा आठवतात. ते कुठे होते त्या दिवशी कोण जाणे.

मोसमानंतरच्या बाद फेरीत, प्लेऑफमध्ये, समोर न्यूयॉर्क. दुसरा सामना तिथे जाऊन १००-९४ ने जिंकले. प्लेऑफमध्ये ओळीने पंधरा सामने हरल्याचा आणखी एक विक्रम या संघाच्या डोक्यावर होता, तो तिथे उतरला.

चौथा सामना २७ एप्रिल २०२५ ला, रविवारी दुपारी, डेट्रॉइटला. मी पाटवडी रस्सा केला होता, पण ताटं वाढून तशीच राहिली. शेवटचे काही सेकंद. पिस्टन्स एका गुणाने मागे, ९३-९४. बॉल सुटतो, झटापट होते, आणि कोपऱ्यात टिम हार्डवेच्या हातात येतो. तो उडी घेतो, अंगावर न्यूयॉर्कचा जॉश हार्ट आदळतो. शॉट चुकतो. शिट्टी वाजत नाही. संपलं. नंतर पंचांनीच मान्य केलं की तो फाउल होता, तीन फ्री थ्रो मिळायला हवे होते. पण निकाल काही बदलत नाही.

लेक टीव्हीच्या अगदी जवळ उभा होता. वळला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता, हनुवटी थरथरत होती, आणि मग हा पंधरा वर्षांचा, माझ्याहून उंच झालेला मुलगा हमसून रडायला लागला. “आई, इट वॉज अ फाउल. ही गॉट हिट.” अठ्ठावीस हारींत त्याच्या डोळ्यांतून एक थेंब आला नव्हता.

मी जवळ गेले तर हात झटकून बाहेर गेला. थोड्या वेळाने ड्राइव्हवेवर बॉलचा आवाज यायला लागला. खिडकीतून पाहिलं. तो गॅरेजच्या उजव्या कडेला, बरोबर त्या कोपऱ्याच्या कोनात उभा होता. शॉट टाकत होता, बॉल घरंगळत रस्त्याकडे जायचा, पळत जाऊन आणत होता, पुन्हा तिथेच उभा राहत होता.

नवरा म्हणाला, “जेवायला बोलाव ना त्याला.”

मी ताटांवर झाकण ठेवलं, पायात बूट घातले आणि रिंगखाली जाऊन उभी राहिले, रिबाउंड द्यायला.